गुंतवळ

वैशाखात परसातला अनंत फुलला की गोदा दुपारची त्याच्याखाली केस विंचरायला बसायची. पडवीत ट्रान्झिस्टरवर रत्नागिरी केंद्र लागलेलं असायचं. गळलेलं गुंतवळ गुंडाळायचं, त्यावर थुंकायचं आणि राखेत पुरायचं, ही सासूची शिस्त. "पाखरान घरट्यात नेलान तर डोकं धरील गो," हे तिने लग्नापासून बजावलं होतं.

त्या दिवशी नवरा लोटे एमआयडीसीतल्या कंपनीतून लवकर आला, आणि त्याच्या चहाच्या गडबडीत गुंतवळ परसाभोवतीच्या चिऱ्याच्या गडग्यावरच राहिलं.

चार दिवसांनी गोदेचं डोकं धरलं. सासूने विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. दोघींनी शोधलं, तर अनंताच्या बेचक्यात बुलबुलाचं घरटं होतं आणि त्याला आतून काळ्याभोर केसांचं अस्तर होतं.

"काढून टाक आधी," म्हणत सासू चुलीकडे गेली.

गोदेने एका केसाचं टोक धरून ओढलं. कळ तिच्याच अंबाड्याखाली उठली. तिने दुसरा ओढला, तर ती कानामागे उठली.

"काढलंस काय गो?" आतून हाक आली.

"नाय आये. ऱ्हावंदे."

तेवढ्यात मादी परतली. घरटं आतून गोल व्हावं म्हणून पाखरं बसल्या जागी छातीने रेटत फिरतात, तशी ती सावकाश फिरू लागली.

तिच्याबरोबर गोदेची मान वळू लागली. गोदेने दोन्ही हातांनी डोकं घट्ट धरलं, तरी हनुवटी खांद्याला येऊन टेकली.

मादीचा जेमतेम पाव फेरा झाला होता.