पाठीखालची उशी

ऑपरेशननंतर कॅन्सर कोणाचा उलटेल ते स्कॅनवरून सांगणारा प्रोग्रॅम धाकट्या भावाने ताईच्या विभागातले जुने स्कॅन दाखवून तयार केला होता. अंदाज खरे ठरायचे. पण तो नेमकं बघतो कुठे, हे तपासलं तर पडद्यावर लाल ठिपका शरीराबाहेर, पाठीखाली! “ताई, ही काय भानगड?” स्कॅन काढणारी ताई हसली. “अरे, ही तर माझी उशी!” “सगळ्यांना देतेस?” “छे! ज्याला बघून काळजात चर्र होतं, त्यालाच.” “म्हणजे हा लबाड तुझीच कॉपी करतोय! पण तुला कसं कळतं?” “देव जाणे.” तेवढ्यात बाबा आले. ऑपरेशनला वर्ष झालं, आज त्यांचा स्कॅन होता. ते टेबलावर आडवे होताच नकळत ताईचा हात उशीकडे गेला. भावाने ते पाहिलं. हात तिथेच थांबला. “दे की गं,” बाबा म्हणाले, “टेबल टोचतंय.”