कार्पेटवरची वाट

"ताई, हे उंदराचं काम नाही," नागसेन गुडघ्यांवर बसूनच म्हणाला.

ओमती भागातल्या कार्पेटच्या दुकानातून आलेला हा पन्नाशीचा कारागीर अर्धा तास सासूबाईंच्या खोलीत वाकून फिरत होता. विनताने त्याला बोलावलं होतं ते खिडकीपाशी उसवलेल्या एका ओळीसाठी. कार्पेट लूपचं, म्हणजे धाग्याच्या बारीक कड्या-कड्यांचं. एक कडी अडकून ओढली गेली की मागोमाग सगळी ओळ निघत जाते. इथे ती हातभर निघाली होती. त्याने सुटा धागा ओढला नाही, बाकीच्या कड्यांच्या उंचीला कात्रीने छाटला. मग सुरकुत्या दाखवल्या. ज्याने कोणी हे बसवलं त्याने नीट ताणलंच नव्हतं, मधला जोडही सुटत आला होता.

बोलता बोलता तो मागे सरकला आणि थांबला.

"इथं रोज कोण चालून राहिलं?"

कोणीच नाही, विनता म्हणाली. आणि ते खरंच होतं. खोलीत फक्त गीताबाई, तिच्या सासूबाई, पलंगावर छताकडे बघत पडलेल्या असत. नऊ महिन्यांपूर्वी त्यांना लकवा मारला. झटका हलका आहे, दोन-तीन महिन्यांत चालू लागतील, असं डॉक्टर म्हणाले होते. झालं उलटंच. होते नव्हते ते पाय गेले, मग बोलणंही गेलं. कूस बदलायची तरी विनतालाच बदलावी लागे. तिच्या नवऱ्याने, शैलेंद्रने, आईसाठी काही कमी केलं नव्हतं. फरशीचा गारवा नको म्हणून खोलीभर हे कार्पेट त्यानेच घातलं. नागपूरच्या डॉक्टरांच्या गोळ्याही सकाळ-संध्याकाळ तोच स्वतःच्या हाताने भरवायचा.

नागसेनने मोबाइलचा उजेड तिरका धरला. दारापासून पलंगाशी, पलंगापासून खिडकीशी आणि परत दाराशी, वीतभर रुंदीचा एक पट्टा चपटा झाला होता. बाकी कार्पेट कोरं होतं.

"चपला असत्या तर माती बसून काळं पडलं असतं. हे अनवाणी पाय आहेत," तो म्हणाला. "अन् दोन दिवसांचं काम नाही हे जी. दोन-तीन महिन्यांचं आहे."

जोड चिकटवून तो गेला. विनताने त्याच्यामागे दाराला कडी घातली, मग पुन्हा ओढून पाहिली.

ती सकाळी साडेसात ते बारा शाळेत शिकवायला जाई. शैलेंद्र आठला निघे. घराला बाहेरून कुलूप. किल्ल्या दोनच, एक तिच्याकडे, एक त्याच्याकडे. मागचं दार तर आतून बंद. मदन महल वस्तीतल्या या गल्लीत सगळे एकमेकांना ओळखत, अनोळखी माणूस दिसला तर कोणी ना कोणी हटकलंच असतं. तरीही कोणीतरी रोज येत होतं, अनवाणी पायांनी, हलता-बोलता न येणाऱ्या बाईभोवती फेऱ्या मारत होतं. काही न नेता. चोर असता तर बरं, असं तिला वाटलं.

ती पलंगाजवळ गेली आणि सासूबाईंचा हात धरून तिने विचारलं, आई, मी नसताना इथे कोणी येतं का? गीताबाईंनी डोळे मिटून घेतले. मिटल्या पापण्यांतून पाणी ओघळून उशीवर आलं.

विनताने शैलेंद्रला फोन लावला आणि नागसेनने दाखवलं ते सगळं सांगितलं.

"अच्छा," तो म्हणाला. "पट्टा पलंगापर्यंत आहे?"

"हो."

"कोणाला सांगू नको. तू शेजारी राजश्रीवहिनींकडे जाऊन बस. आईजवळ थांबू नको. मी येतोच."

ती निघाली. फाटकापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. तो वेळ तिला नंतर कधी मोजता आला नाही. आत कोणी असेल तर? आणि आई बिचाऱ्या एकट्या, हाक मारायलाही वाचा नाही. पळून यायला आपल्याला पाय आहेत, त्यांना नाहीत. विनता परत फिरली. स्वयंपाकघरातून बत्ता उचलला, तो दोन्ही हातांत घट्ट धरला आणि खांद्याने खोलीचं दार ढकललं.

पलंग रिकामा होता.

खिडकीचे गज धरून गीताबाई उभ्या होत्या. अनवाणी. पाठ ताठ होती, मान रस्त्याकडे.

बत्ता हातातून सुटला, कार्पेटवर पडला म्हणून आवाजही झाला नाही. विनताला आधी काही कळेना, मग एकदम रडू फुटलं. इतक्या वेळची सगळी भीती त्या रडण्यात वाहून गेली. तिने धावत जाऊन सासूबाईंना मिठी मारली. तुम्ही चालता, आई, देवा, तुम्ही चालता, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मग डोळे पुसत तिने सांगितलं, मी यांना फोन केलाय, पट्ट्याचं सगळं सांगितलंय, ते निघालेत. तुम्हाला असं उभं पाहून किती आनंद होईल त्यांना.

गीताबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

बाहेर स्कूटर थांबली. फाटक करकरलं.

गीताबाई झपझप पलंगाशी गेल्या, आडव्या झाल्या, पाय लाकडासारखे सोडून दिले आणि अंगावर चादर ओढून घेतली. मग लकव्यासारखं तोंड वाकडं करण्याआधी त्यांनी विनताचं मनगट पकडलं आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच, हळू पण स्वच्छ शब्दांत बोलल्या.

"त्याला सांग, कारागीर चुकला. पोरी, तो भरवतो त्या गोळ्या मी थुंकायला लागले, तेव्हा कुठे माझे पाय परत आले."