बारावी तोटी

चार वर्षं तामरै एकाच गोष्टीमागे लागली होती: नळीत जळणाऱ्या ज्योतीची बोंब थांबवायची. असल्या आवाजानेच इंजिनं फुटतात. चेन्नईच्या प्रयोगशाळेत ज्योत जिच्या तोंडावर जळते अशा अकरा तोट्या घडवून झाल्या, बाराव्या तोटीला ज्योत गप्प झाली आणि तिचा शोधनिबंधही स्वीकारला गेला. आज सफाईसाठी नळीला हवा पुरवणारी पेटी उघडली, तर आत भांडी घासायची तारेची घासणी! ती काढून तिने ज्योत पेटवली. नळी पुन्हा बोंबलली. "म्हणूनच घातली होती मी!" म्हातारे मेकॅनिक दुरैकण्णू कान झाकत ओरडले. "बारावी तोटी लावलीत त्या दिवशी या आवाजाने डोकं फुटायची वेळ आली होती, अम्मा." "अण्णा, मला सांगायचं तरी!" "तुम्ही नाचत होतात. म्हटलं, कशाला विरजण घालू?" तिने दातओठ खात आपल्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. "सर, निबंध मागे घ्या. तोटी फसली." "मग ज्योत गप्प कशाने झाली?" "दुरैकण्णू अण्णांच्या डोकेदुखीने."