दारापेक्षा उंच गाडी

खारकरबाईंच्या पत्राला आपण उत्तर दिलेलं नाही, हे फायर स्टेशनच्या ठोसरसाहेबांना रोज आठवे. बाई सहाव्या मजल्यावर राहत, नवरा अंथरुणाला खिळलेला. त्यांनी एवढंच विचारलं होतं, 'आग लागली तर तुमची नवी शिडीची गाडी किती वेळात येईल? उशीर होणार असेल तर आम्ही तळमजल्यावर घर बघतो.'

गाडी स्टेशनच्या दारापेक्षा चार बोटं उंच निघाली होती. चाकांतली हवा सोडून ती कशीबशी आत घातली होती. खंडेनवमीच्या पूजेला ती तशीच बाहेर काढायची होती.

"दार थोडं फोडू या का?" ठोसरांनी चाचरत विचारलं.

"दारावर माझ्या वडिलांचं नाव आहे, गाडीवर माझं," नगराध्यक्ष म्हणाले. "दार फोडायचं नाही आणि गाडी उन्हात ठेवायची नाही."

"आणि आग लागली तर?"

"लोकांना तासभर आधी कळवायला सांगा."

सगळे हसले. सवयीनं ठोसरही हसले, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

गाडी बाहेर येऊन चाकांत पुन्हा हवा भरेपर्यंत पन्नास मिनिटं गेली. मग नारळ फुटला.

ठोसरांनी तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, 'रस्ता आठ मिनिटांचा आहे, पण आमच्या दारातून निघायलाच पन्नास लागतात. तळमजल्यावर घर बघा.' खाली सही केली, हुद्दाही घातला. ऑफिसच्या टपालातून ते पत्र आधी नगराध्यक्षांच्या टेबलावर गेलं असतं. म्हणून पदरचं तिकीट लावून ते स्वतःच चालत गेले आणि पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकलं.