साडेअठरा

“आकडा आधी आपण बोलायचा नाय गो,” निघताना सासूबाईंनी बजावलं होतं. प्रयागबाईंचा जन्म महाडच्या बाजारात वालाच्या शेंगा विकण्यात गेलेला. अनुपमा हसली होती. “आई, हा काय बाजार आहे? कंपनी आहे ती.”

आता ती एमआयडीसीतल्या त्या कंपनीच्या केबिनमध्ये बसली होती. लॅबचे सगळे प्रश्न तिला आले होते. मुलाखत घेणाऱ्या सुहास सरांनी फाइल मिटली.

“बोला मॅडम, पगाराची अपेक्षा किती?”

अठरा हजार मिळाले तर मंगेश मुंबईची नोकरी सोडून घरी यायचा, असं नवराबायकोचं ठरलं होतं. पण अठरा म्हणायला तिची जीभ रेटेना. पंधराच म्हणू या, म्हणून तिनं तोंड उघडलं आणि बाहेर बाळ रडलं.

बाहेर बाकावर प्रयागबाई सहा महिन्यांच्या ऋत्विकला घेऊन बसल्या होत्या. अनुपमाचं तोंड उघडलं तसं मिटलं. भूक लागली? की पोटात दुखतंय? ती दाराकडे बघत राहिली.

“तशी सुरुवात आम्ही चौदापासून करतो,” सर म्हणाले.

रडणं वाढलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

“पण तुमचा अनुभव बघता... सोळा.”

बाटली पिशवीत ठेवली होती ना? ती खुर्चीच्या कडेला सरकली, आता उठतेच अशी.

“अहो, बसा, बसा! सतरा.” सरांनी कॅल्क्युलेटर ओढला, दोन बटणं दाबली. “अठरा. याच्यावर नाही हं.”

रडणं एकदम थांबलं. तशी ती जास्तच घाबरली.

“काय?”

“बरं बाई, साडेअठरा! पण एक तारखेपासून यायचं.”

हे मात्र तिला नीट ऐकू आलं. “चालेल,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की सरांना वाटलं, अजून मनासारखं झालेलं नाही.

बाहेर ऋत्विक आजीच्या खांद्यावर गाढ झोपला होता. शेजारी पुढची उमेदवार, वरंधची सेजल, ओढणीआड आपल्या तान्ह्या मुलीला पाजत होती. मघाशी रडली होती ती हीच.

“किती सांगितलंस?” प्रयागबाईंनी विचारलं.

“काहीच नाही. ही रडत होती, मला वाटलं आपला ऋत्विक. मी कान देऊन बसले आणि सर आपले वाढवत गेले. साडेअठरा हजार, आई!”

प्रयागबाईंनी सुनेकडे बघितलं, मग त्या एवढ्याशा पोरीकडे. “मंग वरचे पाचशे हिचे हायत गो!”

हसताना ऋत्विक जागा होईल म्हणून तिघींनी तोंडावर हात धरले.

आतून हाक आली. सेजल उठली. “ताई, हिला धरता? माझ्याबरोबर कुणी नाही.”

अनुपमानं पोर घेतली. दार लागलं.

“रड गो बाय, थोडी रड,” प्रयागबाई तिच्या तळव्याला गुदगुल्या करत म्हणाल्या, “तुझी आयस आत गेली.”

पोरीनं जांभई दिली, अनुपमाचं बोट मुठीत धरलं आणि डोळे मिटले.

सेजल आत एकटीच आहे. अनुपमाला तर आता हलताही येत नाही. तुम्ही दाराजवळ असाल, तर तिला जरा सांगा हो, आकडा आधी बोलू नको म्हणावं.