पंखाची जाडी

नवरा गॅरेजमध्ये स्वतःच्या हातानं दोन सीटचं विमान बांधत होता. जाड पंख भक्कम, पातळ पंख वेगवान, हे त्यानंच मला समजावलेलं. तरी पठ्ठ्यानं पातळच निवडला.

"अरे, जाड कर ना!" मी रोज विनवायचे.

"घाबरतेस काय? मी एकटाच तर उडणार!" तो हसायचा.

स्टुलावर चढतानाही पाय लटपटणारी मी, काल शेवटी म्हणाले, "पहिल्या उड्डाणाला मागच्या सीटवर मी बसणार."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आज सकाळी पातळ पंखाच्या सांगाड्याच्या सगळ्या फासळ्या भंगारात होत्या आणि तो जाड पंख आखत होता. माझा जीव भांड्यात पडला.



तेवढ्यात माझ्या कमरेभोवती टेप गुंडाळत तो म्हणाला, "हलू नकोस, तुझ्या सीटच्या पट्ट्याचं माप घेतोय."