जास्तीचे शंभर वॅट

गेमिंगचा कॉम्प्युटर जुळवताना पॉवर सप्लाय सगळ्यात शेवटी निवडतात. सगळ्या पार्टांचे वॅट मोजायचे आणि त्याहून थोडा मोठा घ्यायचा. कमी पडला, तर दोन वर्षं हट्ट करून मिळवलेलं ग्राफिक्स कार्ड जळू शकतं. म्हणून ताईला सोबत आणलं होतं, कारण बेरजेत मी कच्चा.

दुकानदारकाकांनी सगळे पार्ट टेबलावर जोडून पाहिले. यादीतली बेरीज चारशे, वायरीला लावलेला वॅटचा मीटर म्हणे पाचशे.

"काका, मीटरसुद्धा वाढवून सांगतो का हो?" मी विचारलं.

काका हसले नाहीत. त्यांनी ग्राफिक्स कार्ड काढलं, प्रोसेसर काढला, पंखे काढले. शेवटी टेबलावर नुसती वायर उरली. मीटरवर शंभर.

मी वाकून बघत होतो. "जरा मागे हो," काका म्हणाले. मी मागे झालो आणि मीटर शून्यावर आला.

"अय्या, तू पण पार्टच निघालास!" ताई खिदळली आणि टेबलावर रेलली. शंभर. मी पुढे झालो. दोनशे.

"ताई, सरक मागे."

आम्ही दोघं पार भिंतीपर्यंत सरकलो. मीटर दोनशेच राहिला. मग अडीचशे.

"काका, एसी कमी करा ना," ताई म्हणाली. तिचे ओठ निळे पडले होते. एसी बंदच होता.

मी धावत जाऊन भिंतीतला प्लग उपटला. तीनशे.

काकांनी यादीतला साडेसहाशेचा सप्लाय खोडला, हजाराचा लिहिला आणि मान वर न करता विचारलं, "घरी अजून कोण कोण असतं?"